दारावरचा जबाब

६ ऑक्टोबर १९५८, आर्बमों

पोचले एकदाची! बस फाट्यावर सोडून गेली. ट्रंक एका दूधवाल्याने आपल्या गाडीवर घेतली आणि मी मागून चालत आले. छान ऊन पडलं होतं, गाई रस्त्याच्या मधोमध बसकण मारून होत्या, बागांमधून गळून पडलेल्या सफरचंदांचा आंबूस वास येत होता, आणि मी चक्क शीळ घालत होते. रेंसच्या ऑफिसात कुणी मला शीळ घालताना पाहिलं असतं तर डॉक्टर बोलावला असता.

वळणावर चर्च दिसलं आणि मी थांबले. तसंच आहे. लाल विटांचा थोराड बुरूज, त्याच्या खांद्यांवर टेहळणीच्या दोन छोट्या बुरुज्या, भिंतीत बंदुकीच्या जंग्या, आणि मागे लपून बसल्यासारखं ठेंगणं देऊळ. परक्याला गढीच वाटेल. मी परकी नाही. अठरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, जर्मन रणगाडे सरहद्दीवरच्या सदां शहराकडून सुटले तेव्हा आईचं बोट धरून मी ह्याच दारापुढे उभी होते. मी अकरा वर्षांची. माझा धाकटा भाऊ रेमी आईच्या कडेवर, तापाने फणफणलेला. गावातले लोक आधीच आत जाऊन बसले होते. आईने दार वाजवलं. मला नको, निदान बाळाला तरी घ्या, म्हणाली. दाराच्या डोक्यावर एक भोक आहे, त्यातून एका पुरुषाचा आवाज आला: 'जागा नाही.' एवढंच. दुपारी रस्त्यावर विमानं आली. आई आम्हा दोघांवर पालथी पडली. तिच्याखालून मी एकटीच जिवंत निघाले.

तो आवाज मला शोधायचाय. दुरुस्तीआधी ज्या चर्चचे नकाशे काढायचे होते त्यांत आर्बमोंचं नाव निघालं तेव्हा ऑफिसात सगळ्यांच्या आधी मीच हात वर केला. लग्नानंतरचं आडनाव कामी आलं. मादाम लाफ्लोत म्हणजे कोण हे इथे कुणालाच ठाऊक नाही. तो माणूस सापडला की काय करणार ते ठरवलेलं नाही. सुखाने मरू देणार नाही, एवढं नक्की. आज मी फार आनंदात आहे.

८ ऑक्टोबर

गावात खाणावळ नाही, म्हणून माझी सोय चर्चमध्येच केली आहे, वरच्या आसऱ्याच्या खोलीत. खोली कसली, देवळाच्या कमानींवर आणि छपराखाली सबंध गाव मावेल असा माळा आहे. भिंतीत शेकोटी, तिच्या बगलेत पाव भाजायची लहानशी भट्टी, खाली बुरुजाच्या पोटात विहीर. फौजा यायच्या तेव्हा लोक पोरंबाळं, कोंबड्या, धान्य घेऊन चक्री जिन्याने इथे चढायचे आणि धोका टळेपर्यंत खाली उतरायचे नाहीत. भिंत एवढी जाड आहे की खिडकीच्या कोनाड्यात मी पाय लांब करून चित्रं काढते.

खालचं दार बघण्यासारखं आहे. ओकच्या फळ्या, त्यांवर लोखंडी पट्ट्या, आणि त्यात एक दिंडी दरवाजा, आत येणाऱ्याला वाकायलाच लागेल असा. वाकलेल्या माणसाला हत्यार उगारता येत नाही. आणि त्याच्या बरोब्बर वर ते भोक. विटांची अरुंद नळी आहे. तिचं वरचं तोंड माझ्या खोलीच्या जमिनीत, लाकडी झाकणाखाली. पूर्वी तिच्यातून दगड सोडायचे, उकळतं पाणी ओतायचे. गावात तिला 'जबाब' म्हणतात. खाली कुणी दार वाजवलं की वरून जबाब. झाकण उचलून मी वाकून पाहिलं. उंबरठ्याचा तेवढाच तुकडा दिसतो, जिथे आई उभी होती.

माझं जेवणखाण युलाली बॉके बघते. सत्तरीची आहे. चर्चच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात, जीभ मात्र कुणाच्याच ताब्यात नाही. मी दिवसभर मापं घेते म्हणून मला पट्टीवाली बाई म्हणते. किती मोजशील गं, देवाला नवा कोट शिवायचाय का, म्हणून आज सूप वाढतावाढता हसत होती. गावातल्या पुरुषांबद्दल मी सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाली, आहेत की चिक्कार, सगळे म्हातारे आणि सगळे बहिरे, तुला कशाला हवेत?

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेला खाली गेले, मुद्दाम मागे उभी राहिले आणि पुरुषांचे आवाज ऐकत राहिले. एकही ओळखू आला नाही. अठरा वर्षांत आवाजही म्हातारा होत असणार.

एक गोष्ट मात्र विचित्र वाटली. बाकं खच्चून भरलेली, तरी उशिरा आलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी ओढून बसवून घेत होतं. 'दाटून बसू, दाटून बसू.' खाटकाच्या बायकोने एका धिप्पाड शेतकऱ्याला जवळजवळ मांडीवरच घेतलं आणि कुणी फिदीफिदी हसलंसुद्धा नाही.

नंतर युलाली मेणबत्त्यांचा खोका माझ्या खालच्या टेबलावर ठेवायला आली. टेबलभर माझे नकाशे पसरलेले. मी म्हणाले, इथे नको, इथे जागा... पुढचा शब्द निघायच्या आत तिने आपला पंजा माझ्या तोंडावर दाबला. हाताला लसणाचा वास होता.

मग मला बाहेर अंगणातल्या बाकावर नेऊन बसवलं आणि सांगितलं. हे देऊळ बांधायला लागलेली प्रत्येक वीट नदीपलीकडच्या ल फूरच्या लोकांनी भाजली. ल फूर म्हणजे भट्टीच. त्या वस्तीचं नावच ते. पोरासोरांसकट सगळं गाव चिखल तुडवायचं. तीनशे वर्षांपूर्वी स्पेनच्या फौजेचे शिपाई जाळत सुटले तेव्हा ते लोक नदी ओलांडून आसऱ्याला आले. त्यांच्याच विटांचं दार बंद. वरून जबाब आला, जागा नाही. मी विचारलं, नव्हती का? युलाली म्हणाली, 'होती गं. नाच करता आला असता एवढी होती. पण आलेल्यांना खायला घालावं लागलं असतं ना!' शिपायांनी ल फूरच्या लोकांना परत नेलं आणि त्यांच्याच भट्ट्यांमध्ये कोंडून आग लावली.

तेव्हापासून ह्या देवळात ते दोन शब्द कुणी उच्चारत नाही. जो उच्चारेल तो दाराचा होतो. दाराचा होतो म्हणजे काय? ती कमरेच्या किल्ल्या चाचपू लागली. मी विचारलं, चाळीस साली कुणी म्हणालं होतं का? ह्यावर युलाली बॉकेला एकदम आठवलं की घरी चुलीवर दूध आहे.

म्हणजे तो जिवंत आहे. मेला असता तर तिने नाव सांगितलं असतं.

१६ ऑक्टोबर

काम उत्तम चाललंय. भिंतींवर काळ्या विटांची नक्षी आहे. जास्त भाजून काळ्या झालेल्या विटा फेकून न देता ल फूरच्या लोकांनी त्यांतून चौकटी काढल्या, एका जागी बदाम काढलाय. दाराजवळच्या पुष्कळ विटांवर बोटांचे ठसे आहेत, कच्ची वीट उचलताना उमटलेले. काही अगदी चिमुकले. मी त्यांत बोट घालून पाहिलं, करंगळीसुद्धा जात नाही.

मदतीला नार्सिस पोतिये येतो, चर्चचा घंटा वाजवणारा. सगळे त्याला पोतियेबाबा म्हणतात. साठी उलटलेली, बायको गेलेली, नाक सफरचंदासारखं लाल, आणि ते कशाने झालं हेही तो लपवत नाही. आज स्वतः गाळलेली सफरचंदाची दारू घेऊन आला, वर मारवालच्या चीजची गरमागरम रोटी. म्हणाला, पोरी, चीजच्या वासाला घाबरू नकोस, चावत नाही. खूप दिवसांनी मी पोट धरून हसले.

दुपारी नदीवरून धुकं चढलं. बाबा बागेत होता, तिथून धावत सुटला आणि दिंडी दरवाजातून धडपडत आत आला. काही न बोलता अडसर घातला आणि घंटेच्या दोराला लोंबकळला. धुकं उतरेपर्यंत घंटा वाजवत होता. कशासाठी विचारलं तर म्हणाला, वाट चुकलेल्यांसाठी. मला त्याचा लळा लागेल असं वाटतंय. बाप कसा असतो ते मला फारसं आठवत नाही.

२१ ऑक्टोबर

सगळं नीट लिहायचंय.

दाराची उंची घ्यायची होती. मी बाहेर उंबरठ्यावर, टेपचं खालचं टोक धरून. बाबा वर माझ्या खोलीत, जबाबाच्या तोंडाशी, दुसरं टोक धरून. टेप कुठेतरी अडकली. बाबा वरून ओरडला, मागे सर पोरी, दारात उभी राहू नकोस.

विटांच्या त्या नळीतून उतरताना आवाज बदलतो. सपाट होतो, खोल होतो, त्याचं हसू गळून जातं. अंगणात, जेवताना, दारू ओतताना इतके दिवस जो आवाज ऐकला तो हा नव्हताच. हा मी फक्त एकदाच ऐकला होता, ह्याच दगडावर उभं राहून, मान वर करून.

थडग्यांमागे जाऊन ओकले. बाबा धावत खाली आला, पाठीवरून हात फिरवत होता, चीज बाधलं का म्हणून विचारत होता. मी हो म्हणाले. तोच हात, तोच माणूस, आणि मी त्याच्या हातची रोटी खाल्ली होती.

२३ ऑक्टोबर

दोन दिवस त्याच्याकडे बघून हसतेय. जमतंय. रात्रीसाठी लाकडं फोडून देतो, विहिरीचं पाणी वर आणून देतो. मी त्याला 'बाबा' म्हणते आणि आतून अंगाचा तिळपापड होतो. पोलिसांकडे जाऊन काय सांगू? ह्याने जागा नाही म्हटलं होतं? त्याला कुठलं कलम लागणार? हिशेब माझा मलाच पुरा करायचाय.

२७ ऑक्टोबर

युलालीला कॉफीत रम घालून पाजली आणि बोलती केली. मला सगळं कळलंय असं दाखवलं: चाळीस साली जबाब पोतियेबाबाने दिला, हो ना? तिने डोळे पुसले. म्हणाली, 'घाबरला होता गं. गर्दी दिसली तर जर्मन तोफ डागतील म्हणाला. अर्धा माळा मोकळा होता. आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. त्याची बायको त्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नाही, मरेपर्यंत.'

आणि दाराचा होणं म्हणजे काय तेही सांगितलं. इथलं धुकं म्हणजे ल फूरच्या भट्ट्यांचा धूर. धुकं पडलं की ते लोक नदी ओलांडून येतात. दाराचा माणूस बाहेर सापडला तर त्याला घेऊन जातात. आत असला तर दार वाजवून त्याला हाका मारतात आणि त्याला जबाब द्यायला लावतात. म्हणून बाबा घंटा बडवत बसतो, हाक कानावर पडू नये म्हणून. किती वर्षं, विचारलं. म्हणाली, दुसरं कुणी ते शब्द म्हणेपर्यंत.

भुतं असोत नाहीतर नसोत. त्याचा त्यांच्यावर विश्वास आहे, मला तेवढं पुरे. धुक्यात त्याला दाराबाहेर ठेवायचं. आई जिथे उभी होती तिथेच त्याने उभं राहायचं, दार वाजवायचं, आणि वरून त्याला जबाब मिळणार. कसं वाटतं ते कळू दे त्याला!

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस

सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन थडग्यांवर. भिंतीलगत चाळीस सालच्या बेवारशांची एकत्र कबर आहे. आई आणि रेमी तिथेच असणार. फुलं न्यायची तर कुणीतरी विचारेल म्हणून मी रिकाम्या हाताने गेले, आणि पाहते तर पोतियेबाबा गुडघ्यांवर बसून तिथलं गवत उपटतोय. सगळ्यांत मोठी कुंडी त्याने तिथे ठेवली होती. युलाली म्हणाली, दरवर्षी ठेवतो.

कुणाचं मन विरघळलं असतं. माझं नाही. फुलं! मेल्यावर त्यांना जागा दिली, वर फुलं दिली, आणि स्वतः अठरा वर्षं दारू गाळत, विनोद करत, नाक लाल करत जगला. आता फक्त धुकं पडायची वाट बघतेय.

भिंतींचं एक लिहून ठेवते. थंडी एवढी आहे की विहिरीच्या बादलीत पाण्यावर साय आल्यासारखा बर्फ धरतो, पण दारावरच्या विटा कोमट लागतात. मी तळहात टेकवून पाहिला. आणि बोटांचे ठसे माझ्या चित्रातल्यापेक्षा जास्त आहेत, बाहेरच्या बाजूने, जमिनीपासून फार उंच नाहीत. चित्र काढताना माझ्या नजरेतून सुटले असतील.

६ नोव्हेंबर

झालं. संपवलं मी.

जेवणं होतायत तोवर धुकं आलं. मी खिडकीतच बसून होते. त्याला बागेत शिडीवर पाहिलं आणि जिना उतरून दिंडी दरवाजाला अडसर घातला. त्याने आधी दार ढकललं, मग हाताने वाजवलं, मग लाथा. युलाली, उघड! पोरी, वर आहेस का, उघड गं! मी झाकण काढून भोकाशी पालथी पडले. खाली त्याचं टक्कल दिसत होतं, टोपी कुठेतरी पडलेली. त्याच्यामागे धुकं.

मी त्याला सांगितलं, मी कोण ते. मे महिना. बाळाला ताप होता. निदान बाळाला तरी घ्या, म्हणाली होती ती.

त्याने दार वाजवायचं थांबवलं. मग मान वर केली. म्हणाला, 'मग बरोबर आहे. नको उघडू.' आणि मग म्हणाला, 'पण ते म्हणू नकोस, पोरी. मला बाहेर ठेव, नुसती गप्प बस. तेवढे ते दोन शब्द म्हणू नकोस.'

त्याने मला पोरी म्हणावं! मला उपदेश करावा! गेली अठरा वर्षं जे तोंडात धरून ठेवलं होतं ते मी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, त्याच्या डोक्यावर टाकलं. जागा नाही.

तो ओरडला नाही. त्याच्या मागून पुष्कळ हात आले, भाजलेल्या विटेच्या रंगाचे, लहानमोठे, आणि उंबरठा रिकामा झाला. भोकातून एकदम गरम हवा वर आली, भट्टीचं दार उघडावं तशी.

मला बरं वाटतंय. खरं सांगते, मला फार बरं वाटतंय. आई, झालं गं.

७ नोव्हेंबर

सकाळी उंबरठ्याजवळ सापडला. अंगावर जखम नाही. नखांत विटेची भुकटी, आणि एवढ्या थंडीत उघड्यावर पडूनही अंग अजून गरम. चौघांनी उचलला तेव्हा चटका बसल्यासारखे आपले हात झटकत होते.

मला कुणी दोष दिला नाही. युलाली एकटी दारापर्यंत आली, आत नाही. म्हणालीस? विचारलं. मी हो म्हटलं. मला पश्चात्ताप नाही, हेही सांगितलं. तिने छातीवर क्रॉस काढला आणि सुपाचं भांडं उंबरठ्यापलीकडे जमिनीवर ठेवलं. म्हणाली, घंटेचा दोर जुना झालाय, जपून ओढ. बाबा नेहमी तळहाताला फडकं गुंडाळायचा.

नकाशे पुरे झालेत. उद्याच्या बसने जाणार.

८ नोव्हेंबर

गेले नाही. फाट्याकडे अर्ध्या वाटेवर असताना धुकं आलं. आधी गाई उठून बाजूला झाल्या. मग मागे पावलं — चिखल तुडवल्यासारखी, पुष्कळ. पळाले. ट्रंक तिथेच राहिली. दिंडी दरवाजातून आत पडले तेव्हा कोटाच्या पाठीवर कसला तरी चटका बसला. कोट काढून पाहिला. पाठीवर पाच बोटं जळून उमटली आहेत. लहान मुलाची.

मी रेंसची आहे. मी सुशिक्षित बाई आहे. मी हे लिहितेय आणि कोट समोर पडलाय.

१० नोव्हेंबर

वाजवतात.

दारावर हात मारत नाहीत, विटांवर मारतात. सगळीकडून. 'उघडा. आम्हीच भाजल्यात ह्या. उघडा.' बायकांचे आवाज, म्हाताऱ्यांचे. मी मनाशी ठरवलं, घेऊ आत. सगळा माळा रिकामा आहे, माझं त्यांच्याशी काय वैर? मी काही तीनशे वर्षांपूर्वीची नाही, मी तर बाहेर राहिलेल्यांतलीच — मी तुमच्यातलीच आहे, हेच सांगायचं होतं. भोकाशी वाकून 'या' म्हणायला तोंड उघडलं.

जागा नाही, म्हणाले. माझा आवाज. सपाट.

पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा तेच.

११ नोव्हेंबर

अडसर काढायला खाली गेले. लोखंड लाल. दोन्ही तळवे भाजले. फडकं गुंडाळून घंटा ओढतेय. घंटा वाजते तोवर ऐकू येत नाही. थांबले की —

युलाली धुक्यापलीकडून ओरडली, सूप ठेवलंय. मी म्हणाले, मला घेऊन जा. तिची पावलं गावाकडे पळत गेली. काय ऐकू गेलं असेल तिला?

तारीख नाही

धुकं उतरत नाही. बाबाला निदान मध्ये मध्ये ऊन मिळायचं.

दोर तुटला.

विटा आतूनसुद्धा — ठसे आत आले आहेत. शेकोटीपाशी. माझ्या उशीच्या उंचीला.

बाबा, चुकलं माझं. गप्प बस म्हणाला होतास. नुसती गप्प —

नंतर

आईचा आवाज.

खाली, उंबरठ्यावर. बाकीचे सगळे थांबलेत, तिला वाट करून दिल्यासारखे. म्हणते, बाळाला ताप आहे हो. रेमी रडतोय, खोकत खोकत, तसाच. म्हणते, मला नको, निदान बाळाला —

मी भोकाशी गेले आणि भाजलेल्या हातांनी तोंड दाबून धरलं. मला माहीत आहे काय बाहेर पडेल. तिने ते पुन्हा ऐकायचं, आणि ह्या वेळी माझ्या तोंडून —

बोलायचं नाही. लिहायचं. तोंड त्यांचं झालं असेल, हात माझाच आहे. हे पान फाडून खाली सोडते. आईला वाचता येतं.

आई, मी ज्युडित. तुझी ज्युडित. वर ये. रेमीला घेऊन ये. इथे शेकोटी पेटलेली आहे, सूप आहे, दुसरं कुणी नाही, सगळा माळा रिकामा पडलाय, आई, इथे जागा ना